क्रूझवर स्कूबा: कोझुमेल की ग्रँड केमन?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात आम्ही शिकागोहून विमानाने टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनला आणि तिथून क्रूझने निघतोय, थांबे रोआतान, ग्रँड केमन आणि शेवटी कोझुमेल, ही तिन्ही कॅरिबियन बेटं. मी आणि लेक दोघींकडे ओपन वॉटर कार्ड (स्कूबाचं पहिलं प्रमाणपत्र) आहे, पण लेकीने नुकतंच काढलंय. बजेट एकाच ठिकाणच्या डाईव्हचं (नवरा डेकवर झोपणार आहे, त्याला खर्च नाही). कुठे करू?

---

ताई, कोझुमेल. जहाज थेट धक्क्याला लागतं आणि डाईव्हची बोट जवळच मिळते, ग्रँड केमनला क्रूझचा धक्काच नाही, छोट्या टेंडर बोटीने उतरावं लागतं, त्यात तास जातो आणि लाटा असल्या की थांबाच रद्द. तिथे किटीवेक नावाचं नौदलाचं जुनं जहाज २०११मधे मुद्दाम बुडवलंय ते बघण्यासारखं आहे हे खरं. पण हिवाळ्यात उत्तरेचे वारे सुटले की कोझुमेलचं बंदरही बंद करतात, ती तयारी ठेवा.

कोझुमेलला ड्रिफ्ट डाईव्ह असतो, प्रवाह तुम्हाला रीफवरून (प्रवाळांच्या रांगेवरून) नेत राहतो आणि बोट मागून येऊन उचलते. पाय कमी मारायचे त्यामुळे मजा येते, पण एखादा मासा बघायला थांबू म्हटलं तर जमत नाही, म्हणून लेकीचं बॉयन्सी (पाण्यात वर-खाली न जाता तरंगत राहणं) आधी स्विमिंग पूलमधे पक्कं करून घ्या. डाईव्हसाठी पालंकार गार्डन्स ही जागा मागा. सांता रोसा वॉल हा पाण्याखालचा कडा भारी आहे पण खाली तळ दिसत नाही, नवख्याला लक्षात न येता खोल जायला होतं.

आणि घड्याळ!! कोझुमेल २०१५पासून ईस्टर्न टाइमवर आहे, म्हणजे डिसेंबरात टेक्सासच्या एक तास पुढे. जहाज कुठली वेळ पाळतं ते त्यांनाच विचारा आणि डाईव्हच्या दुकानवाल्याशी बोलताना कुणाच्या घड्याळाने ते लिहून घ्या. बाहेरचं दुकान स्वस्त आणि ग्रुप लहान, पण उशीर झाला तर जहाज थांबणार नाही, जहाजाच्या टूरला तेवढं एक सुख.

---

वरच्या काकांशी सहमत, फक्त रोआतानवर अन्याय झाला, तिथला रीफ किनाऱ्याला अगदी खेटून आहे आणि कोझुमेलसारखाच मेसोअमेरिकन रीफचा भाग. बोनेर हे कॅरिबियन बेट असतं तर वादच नव्हता, १९७९पासून मरीन पार्क, रस्त्याकडेला पिवळे दगड बघायचे आणि सरळ पाण्यात शिरायचं. पण ते तुमच्या वाटेवर नाही.

आता डॉक्टरकी करते. एक डाईव्ह केलात तर विमानाआधी निदान १२ तास, दोन केलेत तर १८, अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो म्हणून. कोझुमेलनंतर एक दिवस समुद्रात असेल तर निर्धास्त राहा. पण डाईव्हआधी भरायचा मेडिकल फॉर्म आत्ताच बघा, दमा वगैरेला एक जरी 'हो' आलं तर डॉक्टरची सही लागते आणि ती बोटीवर मिळत नाही. आदल्या रात्री बारमधे लेकीच्या आईनेही जपून :)

---

खूप खूप आभार, कोझुमेल ठरलं! लेकीला बालपणी दमा होता, तेव्हा सहीसाठी उद्याच फोन करते. कुणाकडे मुलींचा तीन मिलीमीटरचा वेटसूट पडून आहे का, उंची पाच फूट?