मदत हवी आहे : सात्सुमा फुलदाणीचा काळ आणि किंमत

आमच्या घरी आजोबांच्या काळापासून असलेल्या एका जपानी सात्सुमा (दक्षिण जपानमधील सात्सुमा प्रांतावरून नाव पडलेल्या भांड्यांच्या शैलीतील) फुलदाणीबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. तिच्या सायीच्या रंगाच्या झिलईवर केसाएवढ्या बारीक भेगांचे जाळे असून त्यावर सोनेरी रेषांनी शेवंतीची फुले रंगवली आहेत. एका पाकळीवरचे सोने हाताळून विरळ झाले आहे. तळाशी वर्तुळात क्रूस, म्हणजे सात्सुमावर राज्य करणाऱ्या शिमाझु घराण्याचे चिन्ह आहे, परंतु मेइजी काळात (१८६८–१९१२) क्योतोसारख्या ठिकाणी बनलेल्या निर्यातीच्या मालावरही ते सर्रास काढले जाई, म्हणून केवळ त्यावर विसंबणे मला योग्य वाटत नाही. ‘निप्पॉन’ (जपानचे जपानी नाव) किंवा ‘जपान’ असा शिक्का नाही. मात्र १८९० च्या अमेरिकी कायद्याने मूळ देशाच्या नावाची सक्ती अमेरिकेत जाणाऱ्या मालावर होती, तेव्हा भारतात आलेल्या वस्तूचा काळ शिक्का नसण्यावरून ठरवता येईल का? हातकाम आणि छापील नक्षी भिंगाखाली कशी ओळखावी, आणि मुंबई-पुण्यात लेखी मूल्यांकन कोण करून देते, हेही कृपया सांगावे.