निपाणीच्या आजींना बोलतं कसं करू?

बी.ए.च्या प्रकल्पासाठी तंबाखूच्या वखारीत राबलेल्या आजींची मुलाखत घेतोय. १९८१ च्या तंबाखू शेतकऱ्यांच्या आंदोलनाचं विचारलं की "शरद जोशी आले, हायवे अडवला" एवढंच सांगतात. पुढं काय विचारू?

उत्तर: साल सोडा, काम विचारा. माझी थोरली आत्या वखारीत जर्दा, म्हणजे तंबाखूचा चुरा, चाळायची. "चाळण कशी धरायचीस गं?" म्हटल्यावर तिनं पदर नाकावर घट्ट बांधूनच दाखवला. मग खोकला, मजुरी, मुकादम सगळं ओघानं आलं. मधेच कन्नडात बोलली, तेही तसंच उतरवलं. ती गप्प झाली तरी मी रेकॉर्डिंग थांबवलं नाही. थोड्या वेळानं स्वतःहून बोलली. घाईनं पुढचा प्रश्न टाकायचा नाही, हे मी तिथं शिकले.

दुसरं उत्तर: नाव छापायचं का, तेही आधी विचारा.

प्रश्नकर्ता: सुनेसमोर त्या अवघडतात बहुतेक. आता दुपारी एकट्या असताना जातो.