मदत हवी आहे: कोलोराडोच्या घाटांत कॅम्पर ओढायला पेट्रोलवरचा पाऊण-टनी पिकअप कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही डेन्व्हरजवळ ऑरोरात राहतो. आम्ही दोघं, अकरा आणि सात वर्षांची मुलं, आणि उन्हाळ्यात चार-पाच महिने सासू-सासरे. ते आले की डोंगरात जाणं होतंच. सासूबाईंना गुडघ्यांमुळे तंबूत जमिनीवर झोपवत नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी २८ फुटी कॅम्पर (गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर) घेतला. तो ओढायला घरचाच हाफ-टन पिकअप होता (हाफ-टन, पाऊण-टन ही पिकअपच्या वर्गांची नावं, खरा भार त्याहून वेगळा). आता तो बदलायचा हे ठरलंय, पण त्याच्या जागी काय घ्यायचं यावर गाडं अडलंय. रॉकीजमध्ये ज्यांनी खरोखर वजन ओढलंय त्यांनी कृपया सांगा. (इथे 'गॅस' म्हणतात ते पेट्रोल. मी खाली पेट्रोलच लिहिते, नाहीतर भारतातल्या वाचकांना सीएनजी वाटेल.)

आधी काय झालं ते सांगते, म्हणजे प्रश्न नीट कळेल.

जुलैत डिलन जलाशयाकडे निघालो होतो. आय-७० महामार्गावरचा आयझेनहॉवर बोगद्यापर्यंतचा चढ ताशी ३५ मैलांनी, उजव्या लेनमध्ये ट्रकांच्या मागे, धोक्याचे दिवे लावून पार केला. इंजिन रडत होतं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. उशीर झाला तर झाला. बोगद्याचं पश्चिमेकडचं तोंड ११,१५८ फुटांवर आहे. तिथून सिल्व्हरथॉर्नपर्यंत आठेक मैल सलग उतार, काही ठिकाणी सात टक्क्यांचा. नवरा सारखा ब्रेकवर पाय देत होता. अर्ध्यावर आल्यावर तो हळूच म्हणाला, "पेडल मऊ लागतंय." आणि मागून लेकीने विचारलं, "आई, कसला वास येतोय?"

तो वास मी ओळखला. माझे वडील एसटीत चालक होते, महाड-भोर फेरीला वरंधा घाट त्यांच्या रोजचा. कधीकधी संध्याकाळी ते घरी आले की खाकी सदऱ्याला ब्रेकच्या तापलेल्या लायनरचा तसाच वास असायचा. उजव्या हाताला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठीचा खडीचा रॅम्प दिसला. आजवर शेकडो वेळा त्याच्यावरून नजर गेली असेल, पण तो आपल्यासाठीही असू शकतो हे तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. नवऱ्याने हाताने गिअर खाली पाडला, वेग २५ वर आणला आणि कसंबसं सिल्व्हरथॉर्नला बाजूला घेतलं. पुढच्या चाकाच्या जाळीतून बारीक धूर निघत होता. मी ट्रेलरच्या चाकाजवळ हात नेला, वीतभर अंतरावरूनच मागे घ्यावा लागला. सासूबाई खाली उतरून मुलांना घेऊन गवतावर बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "जावईबापू, गाडी कितव्या गिअरात होती?" आमच्याकडे उत्तर नव्हतं. ऑटोमॅटिक गाडी, ती 'डी'मध्ये होती. टो-हॉलचं (वजन ओढताना खालचे गिअर धरून ठेवणारं) बटण आहे, पण इडाहो स्प्रिंग्सला पेट्रोल भरून निघताना ते पुन्हा दाबायचं राहिलं होतं.

परतल्यावर ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर वजन केलं. हे काम पहिल्या दिवशी करायला हवं होतं, आणि नवीन कॅम्पर घेणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीने सांगते की आधी हे करा. ट्रेलर भरलेला ७,३४० पाउंड, म्हणजे साधारण ३,३३० किलो. आमच्या पिकअपची ओढण्याची क्षमता कागदावर ९,००० च्या वर आहे, आणि विकणाऱ्या माणसाने तेवढा एकच आकडा दाखवून "आरामात ओढेल" म्हणून सांगितलं होतं. पण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळी पट्टी असते. माणसं आणि सामान मिळून गाडीवर किती भार चालेल ते तिथे लिहिलेलं असतं. आमच्या पट्टीवर १,४२० पाउंड आहे. ट्रेलरच्या दांड्याचा पिकअपवर येणारा भार ९५० भरला. आम्ही सहा जण मिळून ७६०. भार वाटून देणारा हिच (ट्रेलर जोडायचा सांधा) ९०. मागच्या हौद्यात जनरेटर, पाणी, लाकडं वगैरे २००. बेरीज बरोबर २,०००. म्हणजे दोन वर्षं आम्ही ५८० पाउंड जास्त घेऊन घाट चढत-उतरत होतो, तेही म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना बसवून. हा हिशोब कागदावर मांडला त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून आता पाऊण-टनी, म्हणजे २५०/२५०० वर्गातलाच घ्यायचा. बजेटमुळे दोन-चार वर्षं वापरलेला.

डिझेलचा विचार करून झालाय. डिझेलला टर्बो असल्यामुळे उंचीवर ताकद फारशी पडत नाही, आणि उतारावर एक्झॉस्ट ब्रेकचं (धूर अडवून इंजिनानेच गाडी रोखायची सोय) मोठं सुख. पण आमची गाडी वर्षाला २०-२५ दिवस कॅम्पर ओढणार, उरलेले दिवस शाळा चार मैल आणि किराणा तीन मैल. एवढ्याशा फेऱ्यांत डिझेलचा काजळी-फिल्टर नीट तापतच नाही, साचलेली काजळी जळत नाही. शिवाय ते इंजिन काही शे पाउंड जड, त्यामुळे त्याच वजनमर्यादेत भार घ्यायची क्षमता कमी होते. आम्ही त्या पट्टीनेच पोळलोय.

राहिले पेट्रोलवाले तीन. फोर्ड एफ-२५० मधलं ७.३ लिटर व्ही-८ (२०२० पासून, ४३० हॉर्सपॉवर, १० गिअर). शेवी सिल्व्हराडो २५००एचडी किंवा तिचीच बहीण जीएमसी सिएरा, ६.६ लिटर, ४०१ हॉर्सपॉवर. यांच्या पेट्रोल इंजिनाला २०२३ पर्यंत सहाच गिअर होते, दहा २०२४ पासून आले. आणि राम २५००, ६.४ लिटर हेमी, ४१० हॉर्सपॉवर, ८ गिअर. तिन्ही टर्बोशिवायची. दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद जाते असं धरलं तर बोगद्याशी पोचेपर्यंत एक तृतीयांश गेली. ४३० चे २९० उरतात, ४०१ चे २७०. फरक आहे, पण मला चढाची घाई नाही हे वर लिहिलंच आहे.

मला भीती उताराची आहे. एक्झॉस्ट ब्रेक नसलेलं पेट्रोल इंजिन ७,५०० पाउंडांच्या आसपासचा ट्रेलर मागे असताना सात टक्क्यांच्या उतारावर खरोखर गाडी धरून ठेवतं का? आय-७० शिवाय आम्ही गनिसनला जाताना मोनार्क पासवरून (११,३१२ फूट) जातो. तिथे रस्ता अरुंद आहे आणि वळणं जास्त. सहा गिअरांची शेवी स्वस्तात मिळतेय, पण उतारावर गिअरांमधली अंतरं मोठी पडतात का? मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या) ३.७३ पुरे की ४.१० किंवा ४.३० चा हट्ट धरावा? आणि इथे डोंगरात साधं पेट्रोल ८५ ऑक्टेनचं मिळतं, ओढताना ते चालतं का?

अनुभवी लोकांनी जरूर लिहा. कडक शब्दांत लिहिलंत तरी चालेल.

प्रतिसाद १

ताई, आधी सगळे सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं.

मी सॉल्ट लेकला असतो. २०२१ ची एफ-२५०, ७.३ आणि ४.३० अ‍ॅक्सल. मागे ८,००० पाउंडांचा ट्रेलर, पार्लीज कॅन्यनमधून नेहमीचं जाणं-येणं. इंजिन गाडी धरून ठेवतं का, तर हो, धरतं, पण त्याला तसं करू द्यावं लागतं. टो-हॉल लावून माथ्यावरच वेग कमी करायचा, ४०-४५ वर आणायचा, मग एकदा ब्रेक दाबला की गिअरबॉक्स स्वतः खाली उतरतो. इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला ४,००० च्या पुढे जातात आणि ते ओरडतं. पहिल्यांदा माझी बायको म्हणाली, बंद कर, काहीतरी मोडतंय. मोडत नाही. त्याला ते झेपतं. डिझेलसारखं शांतपणे होत नाही एवढंच.

अ‍ॅक्सलचं म्हणाल तर ४.३० चा हट्ट धराच. तोच गिअर उतारावर जास्त जोराने अडवतो, आणि उंचीवर चढताना गेलेली ताकदही थोडी भरून निघते. याची किंमत पंपावर मोजावी लागते. मला ट्रेलरसकट गॅलनला आठ-नऊ मैल पडतात.

पेट्रोल: फोर्डच्या पुस्तकात किमान ८७ लिहिलंय, तेव्हा ८५ च्या नळीला हात लावू नका. रामच्या ६.४ ला कंपनी ८९ सुचवते, तोही खर्च धरा.

प्रतिसाद २

मी डिझेलवाला. एक्झॉस्ट ब्रेक लावून वुल्फ क्रीक पास उतरताना पेडलला पाय क्वचितच लागतो, ते सुख खोटं नाही. पण रोज चार मैलांची शाळा असेल तर मीही तुम्हाला डिझेल घ्या म्हणणार नाही. घरून काम सुरू झाल्यावर माझी गाडी अशीच गावात फिरत राहिली आणि फिल्टर तुंबून तीन वेळा गॅरेजला गेली. शेवटी महिन्यातून एकदा उगाच हायवेवर तासभर फिरवून आणायला लागलो. तुमचा निर्णय बरोबर आहे.

सहा गिअरांची शेवी वाईट नाही, इंजिन दणकट आहे. पण तुम्ही लिहिलंय तेच होतं: एका गिअरात गाडी हळूहळू वेग घेत राहते, त्याखालच्यात टाकली की एकदम फेऱ्या चढतात. मधलं काही मिळत नाही. घाट रोजचा असेल तर दहा गिअर घ्या.

प्रतिसाद ३

ट्रेलरच्या ब्रेकबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर आहे.

तुमचा पिकअप, माणसं आणि ट्रेलर मिळून साधारण ६,३०० किलो धरू. बोगद्यापासून सिल्व्हरथॉर्नपर्यंत उंची ७३० मीटरने कमी होते. एवढं वजन एवढं खाली आणायचं म्हणजे साडेबारा युनिट ऊर्जा कुठेतरी जिरवायची. दोन किलोवॉटचा गीझर सहा तास चालवला तर जेवढी उष्णता होते तेवढी, ती तुम्ही दहा-बारा मिनिटांत जिरवताय. थोडी वारा घेतो, थोडी टायर. उरलेली एकतर इंजिनाने घ्यायची नाहीतर ब्रेकने. लायनर का जळले ते यावरून कळेल.

म्हणून मोठा पिकअप घेतल्यावरसुद्धा दोन गोष्टी करा. ट्रेलरचे ड्रम ब्रेक उघडून बघा. त्या दिवशी ते इतके तापले असतील तर लायनर काचेसारखे गुळगुळीत झालेले असणार. असतील तर बदला, आणि नंतर गावातल्या रिकाम्या रस्त्यावर ब्रेक कंट्रोलरचा गेन (ट्रेलरचे ब्रेक किती जोराने लागतील ते) लावून घ्या. दुसरं, ब्रेकवर सतत पाय ठेवू नका. वेग ४० ठरवला असेल तर ४० ला जोरात दाबून ३५ वर आणायचा आणि पूर्ण सोडायचा. परत ४० झाला की परत. अवजड वाहनांच्या परवान्याला हीच पद्धत शिकवतात.

आणखी एक. ओढण्याची क्षमता ठरवायची जी जे-२८०७ नावाची प्रमाणित चाचणी आहे, तिचा चढ अ‍ॅरिझोनात डेव्हिस डॅमपाशी आहे, चार हजार फुटांच्या आतला. तुमचा बोगदा त्याच्या जवळजवळ तिप्पट उंचीवर आहे. कागदावरच्या आकड्यातून तेवढं वजा करूनच बघा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. गीझरचं उदाहरण सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते निवृत्त वायरमन आहेत, त्यांनी लगेच वहीत उतरवून घेतलं.

काल ट्रेलरचे ड्रम उघडले. प्रतिसाद ३ मध्ये लिहिलंय तसंच निघालं: चारपैकी तीन चाकांचे लायनर चकचकीत, एकाला बारीक तडे. चारही बदलायला टाकले आहेत.

शेवीचा विचार सोडला. फोर्ट कॉलिन्सला २०२२ ची एक ७.३ आहे, ४.३० अ‍ॅक्सलची. पिवळ्या पट्टीचा फोटो मागवला, त्यावर ३,१०० च्या वर आकडा आहे, म्हणजे आमचे २,००० मावून वर हजार उरतात. शनिवारी बघायला जातोय. ट्रेलर लावून चालवू देतील असं वाटत नाही, पण रिकामी गाडी फ्लॉइड हिलवरून उतरवून बघायची परवानगी मागितली आहे. बाबा तेव्हा फोनवर असणार आहेत, गिअरचा आकडा त्यांना मोठ्याने सांगायचा असं ठरलंय.

एकच राहिलं. या गाडीत डॅशबोर्डवर चालू गिअरचा आकडा सतत दिसतो का, की त्यासाठी हाताने गिअर टाकायच्या मोडमध्ये जावं लागतं? प्रतिसाद १ वाल्या दादांनी शुक्रवारपर्यंत सांगितलं तर फार बरं होईल.