मदत हवी आहे: 'कल्पेबल' नेमकं कुठं लावायचं?

नमस्कार मंडळी. लातुरात एका वकिलांकडं मराठी कागदपत्रं इंग्रजीत करून द्यायचं काम करतो. खंडपीठाची कामं असली की पंचनामे, जबाब, तक्रारी सगळं इंग्रजीत लागतं. सध्या सोयाबीन न उगवल्याची एक तक्रार पुढ्यात आहे. वाक्य असं: 'बियाणे सदोष असून कंपनी दोषी आहे.' सदोष मनुष्यवध म्हणजे 'कल्पेबल होमिसाइड' हे डोक्यात पक्कं बसलंय. मग सदोष बियाण्यालाही कल्पेबलच का? आणि कंपनीला काय, गिल्टी की कल्पेबल? डिक्शनरीत दोन्हीपुढं 'दोषी'च दिलंय. वकीलसाहेब कोर्टात, फोन बंद. कुणीतरी सांगा.

प्रतिसाद १
बियाण्याला अजिबात लावू नका, ते बिचारं काय करणार! तिथं 'डिफेक्टिव्ह'. कल्पेबल लागतं ते माणसाला, संस्थेला, नाहीतर कृत्याला. लॅटिन 'कल्पा' म्हणजे दोष, त्यावरून आलेलं. कळत असून केलं, किंवा कळायला हवं होतं तरी दुर्लक्ष केलं, म्हणून ठपका, असा भाव त्यात आहे. गिल्टी मात्र कोर्टानं गुन्हा शाबीत केल्यावर. शिवाय मन खात असेल तर लोक 'आय फील गिल्टी' म्हणतात, तिथं कल्पेबल कानाला खटकतं.
तुमचा मुद्दा भरपाईचा दिसतो. मग कंपनी 'लायेबल', म्हणजे भरपाईला जबाबदार, असं लिहा. कल्पेबलला फौजदारीचा वास येतो.

प्रतिसाद २
वर म्हटलंय ते बरोबर. अपघाताच्या कागदात तर आणखी जपून. उसाच्या ट्रॉलीला मागं रिफ्लेक्टर नाही, रात्री दुचाकी धडकून माणूस गेला, असली प्रकरणं आपल्याकडं हंगामात येतातच. निष्काळजीपणानं मृत्यू म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३०४-अ, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६. त्या कलमातच 'सदोष मनुष्यवध नसलेलं कृत्य' असं म्हटलंय. सदोष मनुष्यवधाची शिक्षा वेगळ्या कलमात, १०५ मध्ये. तुम्ही ड्रायव्हरला हौसेनं कल्पेबल लिहिलं की समोरचा वकील तेवढंच धरून बसतो. सरळ 'नेग्लिजंट' लिहा.

धागाकर्ता
आभारी आहे दोघांचा. डिफेक्टिव्ह आणि लायेबल टाकतो. पंचनाम्यात पुढं, बी किती खोल पेरलं त्याबद्दल, 'यात शेतकऱ्याची चूक दिसून येत नाही' असंय. तिथं 'नॉट कल्पेबल' चालेल?

प्रतिसाद १
चुकीचं नाही, पण पेरणीच्या खोलीसाठी फार जड होतंय. 'नॉट ॲट फॉल्ट' करा.