इन्व्हर्टरवर कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला झिणझिण्या: अर्थिंग कुठे चुकलंय?

नवी_वायरिंग: ९०० व्हीएचा स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहरीचं आउटपुट देणारा) इन्व्हर्टर, १२ व्होल्ट १५० एएच बॅटरी. कॅबिनेटला लाइट असताना थोड्या आणि इन्व्हर्टरवर जास्त झिणझिण्या येतात. कॅबिनेट आणि मेन बोर्डाच्या अर्थमध्ये मीटर ११० व्होल्ट दाखवतो. वायरमन वेगळा अर्थिंगचा खड्डा करू म्हणतो. आउटपुटला ३२ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) आहे, बॅटरीला फ्यूज नाही. काय बदलू?

तारजोड: खड्डा नको. ११० म्हणजे सॉकेटच्या अर्थ पिनला वायरच पोचलेली नाही. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरचे दोन कपॅसिटर फेज-न्यूट्रलच्या मधला व्होल्टेज बॉडीवर आणतात. स्क्वेअर वेव्हच्या उभ्या कडांमुळे त्यांतून जास्त करंट जातो, म्हणून इन्व्हर्टरवर झिणझिण्या जास्त. मेन बोर्डाच्या अर्थ लिंकपासून (सगळ्या अर्थ वायरी जोडायच्या पट्टीपासून) इन्व्हर्टरच्या बॉडीपर्यंत आणि त्याच्यावरच्या प्रत्येक सॉकेटपर्यंत २.५ चौ. मिमी हिरवी तांब्याची वायर सलग न्या. घरात अर्थ एकच हवा. न जोडलेले दोन खड्डे केले, तर बिघाडाच्या वेळी दोन उपकरणांच्या बॉडींमध्ये व्होल्टेज उभा राहतो.

काम करताना मेन बंद करणं पुरेसं नाही. इन्व्हर्टर बंद करून बॅटरीची वायरही काढा, नाहीतर आउटपुट चालूच राहतं.

डीबी_बॉक्स: ३२ चा एमसीबी तिथे निरुपयोगी आहे. ९०० व्हीए म्हणजे जेमतेम ४ अँपिअर. ६ चा लावा, पण तो वायरिंगच्या ओव्हरलोडसाठी. इन्व्हर्टरवर शॉर्ट झाला तर एमसीबी झटक्यात पाडण्याइतका करंट इन्व्हर्टर देऊच शकत नाही. माणसाला वाचवतो तो ३० मिलिअँपिअरचा डबल पोल आरसीसीबी (करंटची गळती ओळखून फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच), २५ अँपिअरचा. तो आउटपुटला लावा आणि त्याच्यावर चालणाऱ्या सगळ्या सर्किटांचा न्यूट्रल वेगळ्या लिंकवर घ्या. एक जरी न्यूट्रल मेनच्या लिंकवर राहिला तरी तो ट्रिप होत राहील. मग लोक वैतागून तो बायपास करतात, हे अतिशय धोकादायक.

बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २० सेंमीच्या आत १०० अँपिअरचा डीसी फ्यूज हवाच. पूर्ण लोडला ७५-८० अँपिअर वाहतात, पण केबल घासून शॉर्ट झाली तर बॅटरी हजारावर अँपिअर ओतते आणि इन्सुलेशन पेटतं. केबल २५ चौ. मिमी, लग (केबलच्या टोकाची धातूची टोपी) क्रिम्प केलेले, म्हणजे टूलने दाबून बसवलेले. पिळून बसवलेला लग तापतो.

नवी_वायरिंग: आरसीसीबी इन्व्हर्टरवर असतानाही पडेल ना?

तारजोड: न्यूट्रल इन्व्हर्टरमधून सरळ आरपार गेला असेल तर पडेल, कारण गळती जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलवाटे परत येते. तपासताना मेन स्विच पाडू नका. तो डबल पोल असल्याने न्यूट्रलही तुटतो आणि रीडिंग फसवं येतं. फक्त इन्व्हर्टरच्या इनपुट सॉकेटचा स्विच बंद करा आणि आउटपुटच्या न्यूट्रल-अर्थमध्ये मोजा. २-३ व्होल्ट आले तर ठीक. ११० च्या आसपास आले तर न्यूट्रल तरंगतोय, म्हणजे अर्थशी जोडलेला नाही. मग पहिल्या गळतीला आरसीसीबी गप्प राहील. तेव्हाही घरात न्यूट्रल-अर्थ कायमचे जोडू नका. लाइट आल्यावर मेनचा आरसीसीबी पडेल आणि बाहेरचा न्यूट्रल तुटला तर सगळ्या बॉडी जिवंत होतील. बॅकअपपुरता रिलेने न्यूट्रल अर्थला जोडणारं मॉडेल घ्या.