बाबांचं सायकलचं दुकान डोळ्यांना छान दिसतं, फोटोत नुसता पसारा. काय चुकतंय?

छर्रेवाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं माकलं तर सांभाळून घ्या.

माझ्या बाबांचं पुण्यात पेठेत सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, १९७८ पासून. दुकान म्हणजे दहा बाय आठची एक खोली, समोर फरसबंदीचा तुकडा आणि शटर. छताला हुकांवर रिमा आणि टायर टांगलेले, भिंतीला खिळ्यांवर चेन, ब्रेकच्या तारा, जुनी मडगार्डं, खाली बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यांत छर्रे, नट, वायसर, व्हॉल्व्ह, आणि मधोमध पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं. बाबा आता ७१ वर्षांचे आहेत, गुडघे साथ देत नाहीत, दिवाळीनंतर दुकान बंद करायचं असं घरात चाललंय. म्हणून मी गेल्या दोन महिन्यांत मोबाइलवर शंभरेक फोटो काढले. मला फोटोग्राफीतलं काहीही येत नाही, क्लास वगैरे केलेला नाही, नुसतं बघायला आवडतं.

त्यातले तीन घरच्या ग्रुपवर टाकले. पहिला प्रतिसाद आला "अगं आधी जरा आवरून घ्यायचं ना", मग आतेभावाने विचारलं की ही अडगळीची खोली आहे का. मला खूप लागलं ते. कारण मला तिथे पसारा दिसतच नाही हो. शाळेतून आल्यावर मी त्याच खोलीत पोत्यावर बसून अभ्यास केलाय, लोहचुंबक फिरवून सांडलेले छर्रे गोळा करणं हे माझं काम होतं, मला तिथली प्रत्येक गोष्ट सुंदर वाटते, म्हणजे ते तेलाने काळं झालेलं लाकूड सुद्धा.

पण खरं सांगायचं तर मग मी तेच फोटो परत नीट बघितले आणि मला पण पसाराच दिसला. डोळ्याला जे दिसतं ते फोटोत का येत नाही? तीनही फोटो खाली टाकलेत, मोकळेपणाने सांगा. आणि दुसरं म्हणजे असले फोटो बाहेर टाकावेत का, बाबांना "त्यात काय बघण्यासारखं आहे" असं वाटतं.

ट्रायपॉड_घरी_राहिला

ताई फोटो बघितले. मोकळेपणाने सांगा म्हणालात म्हणून सांगतो, पहिले दोन जमले नाहीयेत, आणि त्याचं कारण दुकान नाही, उजेड आहे.

पहिल्या फोटोत वरची ट्यूबलाइट चालू आहे आणि शटरमधून दिवसाचा उजेड पण येतोय. दोन उजेडांचे रंग वेगळे, ट्यूबचा हिरवट आणि बाहेरचा निळसर, मोबाइल बिचारा दोन्हीच्या मधलं काहीतरी पकडतो आणि सगळं राखाडी होतं. वर फोनमधला एचडीआर मोड चालू असणार, तो सावल्या उचलून उजळ करतो, म्हणजे तुमच्या डोळ्याने ज्या कोपऱ्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं तो कोपरा पण समोरच्या डब्याइतकाच ठळक. डोळा निवड करतो, कॅमेरा करत नाही, एवढाच फरक आहे. ती निवड तुम्हाला करून द्यावी लागते.

तर करायचं असं. ट्यूब बंद. दुकान पूर्वेला तोंड करून असेल (तिसऱ्या फोटोतल्या सावलीवरून तसं वाटतंय) तर सकाळी आठ साडेआठला जा आणि शटर अर्धं खाली ओढा. उजेड खालून तिरका येईल, जमिनीवर आणि घमेल्यावर पडेल आणि छत आपोआप अंधारात जाईल. मग स्क्रीनवर सगळ्यात उजळ जागेवर बोट दाबून धरा, फोकस आणि एक्सपोजर (म्हणजे फोटो किती उजळ येणार ते) लॉक होतं, आणि ते सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. सावली काळी झाली तर होऊ द्या. अर्ध्या वस्तू सावलीत गेल्या की उरलेल्या अर्ध्या दिसायला लागतात, आणि त्या गेलेल्या पण आहेत हे कळत राहतं.

अजून एक, ०.५ वाली लेन्स वापरू नका. छोट्या खोलीत सगळं मावावं म्हणून सगळे तीच वापरतात आणि त्यात भिंती ताणल्या जातात, वस्तू दूर पळतात. साधी १ वाली पण बहुतेक फोनमध्ये २४-२६ मिमीच्या आसपास असते, म्हणजे तीही बऱ्यापैकी वाइडच आहे. तिने काढायचं तर एखाद्या वस्तूच्या अगदी जवळ जा, हातभर अंतरावर, बाकीचं मागे आपोआप येतं.

वाड्यातली

मी फोटोतली जाणकार नाही पण "आधी आवरून घ्यायचं ना" वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

आमचा वाडा सात वर्षांपूर्वी पाडला, बिल्डिंग झाली. पाडायच्या आधी ठरलं की सगळ्या खोल्यांचे नीट फोटो काढून ठेवू, भाऊ चांगला कॅमेरा घेऊन आला. आणि आम्ही बायकांनी काय केलं तर आदल्या दिवशी बसून सगळं आवरलं. फडताळातल्या बरण्या खोक्यात भरल्या, दोरीवरचे कपडे काढले, माजघरातला शिलाई मशीनचा कोपरा, सासूबाईंची औषधं, चष्मा, पोथी, वातींचा कापूस सगळं कपाटात. फोटो स्वच्छ आलेत एकदम. त्यात रिकाम्या खोल्या आहेत आणि त्या कुणाच्याही असू शकतात. सासूबाई गेल्या दोन वर्षांपूर्वी. त्या जिथे बसायच्या त्या कोपऱ्याचा त्यांच्या सामानासकट एकही फोटो आमच्याकडे नाहीये, एक आहे तो माझ्या मुलाच्या वाढदिवसाचा, त्यात केकच्या मागे धूसर दिसतो तो कोपरा आणि मी तोच मोठा करून करून बघते.

दुकानातलं काहीही हलवू नका ताई. एक वायसर सुद्धा.

काळापांढरा

तिसरा फोटो (डब्यांचा) मला आवडला. पहिले दोन ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, गोंधळ निम्मा कमी होईल.

पसारा फोटोत आणणं हे मोठमोठ्या लोकांनी केलेलं काम आहे, त्यामुळे लाजायचं कारण नाही. प्रागमध्ये योसेफ सुदेक नावाचा फोटोग्राफर होऊन गेला (१८९६ ते १९७६), पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला आणि तरी आयुष्यभर भले मोठे लाकडी कॅमेरे एका हाताने सांभाळत त्याने फोटो काढले. म्हातारपणी त्याच्या खोलीत कागद, सुतळ्या, काचा, पुडकी यांचे ढीग साठलेले असायचे, आणि त्याने त्या ढिगांचेच फोटो काढले, खिडकीच्या उजेडात, आवरासावर न करता. बघा शोधून. कागदाची चुरगळलेली कड सुद्धा दागिन्यासारखी दिसते.

आणि आपल्याकडचं म्हणाल तर रघू राय यांचा १९९५ चा चर्चगेट स्टेशनचा फोटो. फलाटावर माणसांचा पूर, पण शटर जास्त वेळ उघडं ठेवल्यामुळे चालणारी सगळी माणसं धुरासारखी झालीत आणि पेपर वाचत थांबलेली मोजकी माणसं तेवढी स्पष्ट उभी आहेत. गर्दी काढून टाकलेली नाही, गर्दीतच डोळ्याला थांबायला जागा दिली आहे. तुमच्या पहिल्या दोन फोटोंत ती थांबायची जागा नाहीये. सगळंच ओरडतंय. मोबाइल लहान करून म्हणजे थंबनेलमध्ये बघा, किंवा डोळे किलकिले करून बघा, चित्रकार बघतात तसे. तीन चार मोठे आकार उरले पाहिजेत. काहीच उरत नसेल तर फोटो परत काढायचा.

छर्रेवाली

@वाड्यातली, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. काही हलवणार नाही, शब्द दिला.

@काळापांढरा, किलकिले डोळे करून बघितलं, पहिल्या फोटोत खरंच नुसता करडा लगदा उरतो. पण ब्लॅक अँड व्हाइटला मन घेत नाहीये. बाबांच्या ऑइलच्या कॅनचा पिवळा, गणपतीच्या कॅलेंडरचा लाल आणि दसऱ्याचा झेंडूचा हार वाळून जो बदामी रंग होतो तो, हे गेलं तर दुकान गेल्यासारखं वाटतं.

ट्रायपॉड_घरी_राहिला

रंग ठेवा. रंगच मदत करतील. पिवळा कॅन एक आहे ना, मग तोच तुमचा चर्चगेटचा पेपर वाचणारा माणूस. फ्रेममध्ये दुसरा पिवळा येऊ देऊ नका, बास. आणि बटण दाबायच्या आधी चारही कडांवरून एकदा नजर फिरवा, अर्धवट कापलेली रिम, निम्मा टायर असलं काही कडेला असेल तर एकतर पूर्ण आत घ्या नाहीतर पूर्ण बाहेर, एक पाऊल सरकलं तरी काम होतं.

काळापांढरा

बरोबर, रंगाचं पटलं. मी दुकान बघितलेलं नाही, तुम्ही बघितलंय.

गाळ्यावरचा

उशिरा आलो धाग्यावर. माझं फोटोचं शिक्षण सगळं मंडईत झालंय, मंडईची ती १८८६ ची दगडी इमारत आणि तिच्या मनोऱ्याचे फोटो सगळेच काढतात, मी आत गाळ्यांवर काढायचो आणि वर्षभर माझे पण फोटो ताई तुमच्यासारखेच यायचे, भाजीचा नुसता काला. मग एका मावशींनी मला हटकलं, म्हणाल्या लांबून काय काढतोस, वर ये, इथून बघ. त्यांच्या शेजारी गाळ्यावर मांडी घालून बसलो आणि मला पहिल्यांदा कळलं की ते अस्ताव्यस्त नाहीच मुळी. मिरची कोथिंबीर आलं लिंबू हाताशी, कारण ते प्रत्येक गिऱ्हाइकाला लागतं. पोत्याखाली पैशाचा डबा उजव्या मांडीला. कोबी फ्लॉवर लांब, कारण ते गिऱ्हाईक स्वतःच उचलून देतं. गिऱ्हाइकाच्या बाजूने बघितलं की ढीग दिसतो आणि बसणाऱ्याच्या बाजूने बघितलं की सगळं हाताच्या अंतराने मांडलेलं दिसतं.

तुमचे तीनही फोटो दारातून, उभ्याने काढलेत. ती गिऱ्हाइकाची जागा झाली. बाबा कुठे बसतात? तिथे बसा आणि बाबांना उठवू नका, त्यांच्या मागे किंवा बाजूला, त्यांच्या डोळ्याच्या उंचीवर. मग त्यांचा हात जिकडे जातो तिकडे बघा. हात न बघता जिथे पोचतो तिथे फोटो आहे असं मला तरी अनुभवाने वाटतं.

बाहेर टाकायचं म्हणाल तर बाबांना विचारून टाका, दाखवून टाका. गिऱ्हाइकांचे विशेषतः लहान मुलांचे चेहरे असतील तर त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय नको. पाटीवरचा फोन नंबर दिसत नाही ना बघा. आणि ग्रुपवर टाकताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा पाठवला की दाबला जातो आणि असल्या बारीक बारीक वस्तूंच्या फोटोचंच त्यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. फक्त डॉक्युमेंटमध्ये जागेची माहिती पण जाऊ शकते, नको असेल तर आधी काढून टाका.

छर्रेवाली

परवा रविवारी सकाळी गेले होते. सगळ्यांनी सांगितलेलं सगळं केलं, ट्यूब बंद, शटर अर्धं, बाबांच्या मागे पोत्यावर बसले, म्हणजे माझ्या जुन्या अभ्यासाच्या जागेवरच.

@गाळ्यावरचा, तुमचं शब्दशः खरं निघालं. बाबा पाटावर बसतात. उजव्या हाताला सोल्यूशनची ट्यूब, घासायचा पत्रा, कात्री आणि ठिगळासाठी कापून ठेवलेल्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. डाव्या हाताला घमेलं. पाने भिंतीला मापाने लावलेले, आणि प्रत्येक पान्यामागे भिंतीवर त्याच्याच आकाराचा काळा डाग पडलाय, इतकी वर्षं तोच पाना त्याच खिळ्यावर. हे मी चाळीस वर्षांत बघितलं नव्हतं. आठ-नऊचा पाना बाबांच्या हातात होता म्हणून तिथे नुसता डाग दिसत होता, तो फोटो काढलाय. मग एक मुलगा चाकाचा आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, काढायला आला (त्याच्या आईला विचारलं, आणि तसाही त्याचा चेहरा नाही, फक्त गुडघे आहेत), चाक फिरत होतं आणि बाबा आरा पिळत होते तेव्हा शटरखालचा उजेड आऱ्यांवरून सरकत होता. पस्तीस फोटो काढले, त्यातला एक वर टाकलाय. पिवळा कॅन एकच आहे.

बाबांना दाखवला. मला वाटलं स्वतःला बघतील. त्यांनी मोठा करून करून मागचं बघितलं, बोटाने एकेक सरकवत. म्हणाले ही वरची रिम पोस्टातल्या काकांची, चार महिने झाले, नेली नाही. हे मडगार्ड त्या क्लासवाल्या मुलीचं. ही चेन तुझ्या आजोबांच्या सायकलची. म्हणजे छतापासून जमिनीपर्यंत सगळं कुणाचं ना कुणाचं होतं आणि त्यांना सगळं पाठ होतं. मी ते आता लिहून काढतेय, फोटोवर नंबर टाकून, एकोणीसपर्यंत झालंय. दुपारी त्यांनी पोस्टातल्या काकांना फोन केला.

फोटो टाक म्हणाले, आणि एक प्रिंट काढून दुकानात पण लाव म्हणाले, दिवाळीपर्यंत तरी. ८ बाय १२ काढू की १२ बाय १८? मोबाइलचा फोटो मोठा केला तर फुटेल का?

ट्रायपॉड_घरी_राहिला

व्वा, तो पान्याचा डाग!! प्रिंट १२ बाय १८ काढा, फुटणार नाही, फक्त मूळ फाइल द्या लॅबला, ग्रुपवरून उतरवलेली नको. मॅट पेपर सांगा, चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकेल आणि तेलाच्या हाताचे ठसे पण उठतील.

वाड्यातली

एकोणीस झाले की पुढचे पण लिहा. आणि ती यादी इथेच टाका, मला वाचायचीय.