एसटीपीचे नमुने कसे काढायचे

सचिव, अ विंग: नमस्कार. कॉलेजच्या पर्यावरणशास्त्र विभागाला आपल्या सोसायटीच्या एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्रकल्पावर, वर्षभर अभ्यास करायचाय. विषय धुण्याच्या पावडरीतलं फॉस्फेट. नमुने आपला ऑपरेटर काढणार, तपासणी त्यांची. जाणकारांनी इथेच लिहा, त्याला तेच वाचून दाखवतो.

बी-३०२, अण्णा: दुपारी एक बाटली भरून दिली तर त्या आकड्याला अर्थ नाही ओ. सकाळी ६ ला सुरू करून २४ तासांत १२ वेळा, दर दोन तासांनी. जागा कलेक्शन टाकीच्या (सगळं सांडपाणी आधी जमतं ती) पंपाची लाइन, मीटरपाशी. मागच्या दोन तासांत मीटर जेवढं फिरलं त्या हिशोबाने घ्यायचं, १ हजार लिटरला ५० मिली. ४ हजार गेलं तर २०० मिली. रोजचं ३० हजार धरलं तर दीड लिटर जमतं. कॅन कायम बर्फात.

सी-१०४, ताई: कॅन आणि बाटल्या भांड्यांच्या पावडरीने अजिबात धुवू नका! त्यातलंच फॉस्फेट काचेला चिकटतं आणि आकडा फुगतो. पातळ हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुतलेल्या बाटल्या लॅबकडूनच मागवा.
आणि पाण्याचा दिवस सोडू नका. नळाला पाणी आलं की घरोघरी चादरी धुवायला निघतात, एअरेशन टाकीवर (हवा सोडतात ती) वीतभर फेस चढतो. एक फेरी त्या दिवशी, एक मधल्या दिवशी.

अण्णा: बरोबर, पण वार बघा ताई. आपल्याकडे बीओडीला, म्हणजे जिवाणू घाण खाताना किती ऑक्सिजन वापरतात ते मोजायला, बाटल्या २७ अंशांवर ३ दिवस ठेवतात. बुधवारी सुरू केलं तर बाटल्या गुरुवारी लागणार, वाचन रविवारी. लॅब बंद. शनिवारीही सुरू करू नका, रविवारी कॅन घ्यायला कोणी नसतं.

डी-५०१: पाणी मऊ करणारा सॉफ्टनर विसरलात. तो मिठाने धुऊन पुन्हा तयार करतात, त्या रिजनरेशनचं मिठाचं पाणी कलेक्शन टाकीतच येतं. सीओडीच्या तपासणीत (घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते माप) डायक्रोमेट हे रसायन मिठातल्या क्लोराइडशीही लढतं, मग आकडा खोटा चढतो. लॅबवाले क्लोराइड अडवायला मर्क्युरिक सल्फेट घालतात, त्यालाही मर्यादा आहे. रिजनरेशन थांबवू नका, वेळ तेवढी वहीत लिहा.

अण्णा: बाहेर पडणाऱ्या पाण्याचं सांगतो. बीओडीसाठी हायपो (जंतू मारायचं क्लोरीनचं द्रावण) पडायच्या आधी घ्या, क्लोरीनने जिवाणू मेले तर बीओडी उगाच कमी दिसतो. कोलिफॉर्मसाठी (विष्ठेतले जिवाणू) हायपोनंतर, लॅबच्या निर्जंतुक बाटलीत. तिच्या तळाला क्लोरीन मारणारं थायोसल्फेट असतं, विसळू नका, काठोकाठ भरू नका.

सचिव: नमुन्याच्या दिवशी हवेचा ब्लोअर जरा जास्त चालवायचा का?

डी-५०१: नाही सर. रोज रात्री जितका वेळ बंद असतो तितकाच त्या रात्रीही. चांगला आकडा दाखवून कुणाचं भलं होणार? हे पाणी नाल्यातून सीनेत जातं, सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते. खालच्या गावांना खरी सुधारणा पाहिजे.

ताई: नुसत्या हवेने फॉस्फेट फारसं जात नाही, तुरटी लागेल. थेट टाकीत नको. आधी लॅबमध्ये एकेक लिटरच्या बीकरमध्ये २०, ४०, ६०, ८० मिलिग्रॅम घालून बघू दे. मिनिटभर जोरात ढवळायचं, २० मिनिटं हळू, मग अर्धा तास निवळू द्यायचं. तुरटीने पीएच उतरतो आणि गाळ वाढतो, दोन्ही मोजायला सांगा.
कॉलेजला द्यायच्या पत्रात दोन गोष्टी घाला. वाईट आकडेही आपल्याला मिळाले पाहिजेत. आणि सीओडीच्या कुप्यांत पारा, क्रोमियम असतं, त्या आपल्याकडे उघडायच्या नाहीत की बेसिनमध्ये ओतायच्या नाहीत.

सचिव: घातलं. सोमवारी सकाळी ६ ला पहिला नमुना. बर्फाचं कोण बघतंय?

अण्णा: पाच किलो आणतो. रात्री पुन्हा लागेल, तो डी विंगने बघा की.